माहिती देणाऱ्या बाया आणि माहिती लिहिणारे

जॉइस लॅडनर हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. 1943 साली मिसिसिपीत जन्मलेल्या या काळ्या स्त्रीने नागरी हक्कांच्या चळवळीतून समाजशास्त्राकडे वाट काढली. सेंट लुईसच्या सरकारी वसाहतीतल्या गरीब काळ्या मुलींशी बोलून त्यांनी 1971 मध्ये 'टुमारोज टुमारो' हे पुस्तक लिहिले. गोऱ्या अभ्यासकांनी काळे कुटुंबच बिघडलेले ठरवले होते. लॅडनरबाईंनी बोट व्यवस्थेकडे वळवले. पुढे त्या हॉवर्ड विद्यापीठात समाजकार्याच्या प्राध्यापक होत्या, हंगामी अध्यक्षही झाल्या.

आमच्याकडे हे काम कोणी केले? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी. सरकारी बांधकाम खात्यातली नोकरी, घर, लेकरे सांभाळून उर्मिलाताई मीनाक्षीताईंबरोबर बाबासाहेबांच्या चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना शोधत फिरल्या, त्यांच्या तोंडून हकिकती लिहून घेतल्या. 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आले. विद्यापीठाने हे केले असते तर त्याला संशोधन प्रकल्प म्हटले असते. दोन दलित बायांनी केले म्हणून ते 'आठवणींचे संकलन' झाले. हा फरक कोण ठरवतो?

त्या इतिहासात जाईबाई चौधरी आहेत. नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावर ओझी वाहणारी बाई शिकली आणि अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढून बसली. 1937 साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेच्या जेवणात त्यांना वेगळे बसवले गेले, तेव्हा आपल्या बायांनी निषेधाची सभा घेतली. 20 जुलै 1942 ला त्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त लग्ने बंद करा, गिरणी-विडी कामगार बायांना रजा द्या, असे ठराव झाले. हिंदू कोड बिल अजून लांब होते. आणि तरी स्त्री चळवळीचा इतिहास सांगताना पुष्कळांची सुई पुण्यामुंबईच्या उच्चवर्णीय घरांपाशीच अडकते.

आम्ही कात्रजला राहतो. इथल्या तलावाचे पाणी पेशवाईत दगडी नळांतून शहरातल्या हौदांत गेले, हे कौतुकाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या हौदांवर कोणाला हात लावता येत नव्हता, हे मात्र आपणच विचारावे लागते. जोतिरावांना 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला का करावा लागला, याचे उत्तर तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजची मुले आमच्या वस्तीत फॉर्म घेऊन आली. घरात नळ आहे का? नवरा पितो का? किती मुले? मराठवाड्यातून बहात्तरच्या दुष्काळात आलेल्या एका आजींनी सगळी उत्तरे दिली आणि मग विचारले, "बाळांनो, लिहून झाल्यावर हे आम्हाला वाचून दाखवणार का?" मुले हसली, गेली. परत कोणी आले नाही. मुलांवर आमचा राग नाही, त्यांना तसेच शिकवलेले असते.

पण बोट आपल्याकडेही वळते. चौदा एप्रिलच्या फ्लेक्सवर आपण किती बायांची नावे छापतो? विहारात झाडणारी, खीर करणारी बाई मंचावर कधी बसते? 1916 मध्येच बाबासाहेबांनी जात ही बायांच्या लग्नावरच्या बंधनांतून टिकते, हे मांडले होते. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात शिकवताना हे लेखन स्त्रीवादाच्या वर्गात नेले. आपण मात्र जयंतीत डीजेचा खर्च वाढवत बसलो.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही रविवारी विहारात बसतो. पोरींच्या हातात मोबाईल, समोर आजी. प्रश्न पोरींनी काढायचे, मात्र टिपलेले सगळे त्याच आजींना मोठ्याने वाचून दाखवायचे, हा एकच नियम. ज्या आजींनी कॉलेजच्या मुलांना तो प्रश्न विचारला, त्यांचे वाचन पहिल्या रविवारी झाले. खडी फोडण्याच्या मजुरीचा आकडा चुकला होता. त्यांनी तिथेच थांबवून तो दुरुस्त करायला लावला, आणि मुकादम किती कापून घ्यायचा तेही लिहा म्हणाल्या. तिघी आजी अजून बोलायच्या राहिल्यात. त्यातल्या एकींना ऐकू कमी येते, त्यांच्यासाठी मोठ्या आवाजाची पोर हवी आहे.