दादरचा वाटाणा

गेल्या महिन्यांत मुंबईस गेलों असतां दादासाहेब फाळके मार्गावर मुद्दाम रेंगाळलों. दादरच्या याच रस्त्यावर, मथुरा भवनांत, फाळके राहत. १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले. आतां भांडवलवाल्यांची खात्री लवकर पटवावयाची होती. नट नाहींत, देखावे नाहींत. म्हणून कुंडींत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज त्याचें चित्र टिपून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट केला. सावकार घाई करील, वाटाणा थोडाच ऐकतो! तो पाहून पैसा मिळाला. तरी ‘राजा हरिश्चंद्र’साठीं पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. फिल्म धुण्याच्या कामींही त्याच बाईंचे हात होते. रस्त्याला मात्र एकट्या दादासाहेबांचें नांव आहे.