दोन जेवणं आणि मधला चहा

मालगाडीच्या गार्डला जेवणाची वेळ नसते. कॉल रात्री दोनला आला तर दोनला निघायचं, पहाटे पाचला आला तर पाचला. माझी बहुतेक नोकरी पूर्णा जंक्शनवर गेली. इथून एक लाइन परभणीकडे, एक नांदेडकडे आणि एक हिंगोली-वाशीमवरून अकोल्याकडे जाते. तिन्हीकडे मी ब्रेकव्हॅनमध्ये बसून गेलोय. गाडी कधी मिरखेलच्या लूपमध्ये तासन् तास उभी, कधी चुडाव्याला. एक्स्प्रेस पुढे काढायच्या आणि मालगाडीने थांबायचं, हे ठरलेलंच. गाडी थांबली की भूक असो नसो, डबा उघडायचा, कारण पुढे सवड कधी मिळेल याचा भरवसा नाही. डबा संपला की फरसाण, ते संपलं की बिस्किटं. आणि चहा तर धरायचाच नाही. ड्यूटीच्या हजेरीच्या लॉबीत सही केली की चहा, गाडी लागली की चहा, स्टेशनमास्तर ओळखीचा निघाला की चहा, ड्यूटी संपली म्हणूनही चहा. आमच्याकडे चहा गोडच लागतो. साखर कमी पडली तर पाहुण्याला वाटतं, आपल्यावर राग आहे.

रनिंग स्टाफला ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी असते, पीएमई म्हणतात तिला. वय वाढत गेलं की ती लवकर लवकर येते. डोळे, कान, रक्तदाब, लघवी, साखर. 2018 च्या तपासणीत मी कसाबसा निघालो, पण कागदावरचे आकडे घेऊन नांदेडच्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आधी टेप काढून कंबर मोजली: 99 सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर 116, ट्रायग्लिसराइड 238, चांगलं समजलं जाणारं एचडीएल 34, रक्तदाब 144/92. मी म्हटलं, साखर तर अजून नाही ना? ते म्हणाले, साखर नाही, मेटाबॉलिक सिंड्रोम आहे.

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी कागदाच्या मागे पाच ओळी लिहून दिल्या. कंबर आपल्याकडच्या पुरुषाची 90 सेंटिमीटर किंवा जास्त, बाईची 80 किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड 150 किंवा वर. एचडीएल पुरुषात 40 च्या खाली, बाईत 50 च्या खाली. रक्तदाब 130/85 किंवा वर. उपाशीपोटी साखर 100 किंवा वर. पाचांतल्या तीन गोष्टी जमल्या की सिंड्रोम. माझ्या पाचही जमल्या होत्या. एकटा कुठलाच आकडा घाबरवणारा नव्हता, म्हणून तर इतकी वर्षं कुणी काही म्हटलं नाही. पण हे पाच जण एकत्र आले की मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही जवळ येतात. हे एकाच मुळाचे फाटे आहेत आणि मूळ म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होणं, हे अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी 1988 साली मांडलं होतं.

मला खटकलं ते वेगळंच. मी जाडा नव्हतो. हातपाय काटक, फक्त पोट पुढे. डॉक्टर हसले आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी: आपल्या लोकांची ही घडण आहे. आमच्या लॉबीत नजर टाकली तरी हे दिसतं. खुर्चीवर बसलं की शर्टाची चौथी गुंडी ताणली जाते, आणि तोच माणूस वजनकाट्यावर सत्तर किलोच्या आत असतो.

त्या वर्षी मराठवाड्यात दुसरं बोलणंच नव्हतं. लातूर-औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित गावोगाव व्याख्यानं देत होते: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, मध्ये काही नाही, आणि रोज 45 मिनिटं चाला. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, जे 2004 साली अपघातात गेले. आपण तोंडात काही टाकलं की इन्सुलिन पाझरतं, मग दिवसभर चरणाऱ्याचं इन्सुलिन दिवसभर चढलेलं राहतं, अशी ती मांडणी. उलट बाजूला थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, असं सांगणारे होते. त्या बाजूने ऋजुता दिवेकरांचं नाव घेतलं जाई. घराघरात दोन पक्ष पडले. आमच्या कॉलनीत तर निवडणुकीपेक्षा जास्त वाद झाले. मोबाइलवर रोज कुणीतरी कुणाचं वजन किती उतरलं ते टाकायचं.

मी दीक्षितांच्या बाजूला गेलो ते शास्त्र पटलं म्हणून नाही. दर दोन तासांनी मोजून मापून खाणं ब्रेकव्हॅनमध्ये जमणारच नव्हतं. कॅलरी मोजायला वही कोण ठेवणार? पण घड्याळ बघणं ही आमची भाकरी आहे. अमुक वाजता गाडी सुटली, अमुक वाजता आली, हे मिनिटासकट लिहिण्यात जन्म गेला. माप पाळणं मला कधी जमलं नसतं, वेळ पाळणं जमलं.

डॉक्टरांना विचारलं. तेव्हा मला फक्त रक्तदाबाची एक गोळी सुरू केली होती, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. सुट्टीच्या दिवशी अकरा आणि सात. ड्यूटी असेल तर निघण्याआधी एक पूर्ण जेवण, आणि दुसरं थेट उतरल्यावर, रनिंग रूममध्ये किंवा घरी. मध्ये पाणी, पातळ ताक, किंवा बिनसाखरेचा बिनदुधाचा चहा. जेवणात काही थाटमाट नाही: ज्वारीची भाकरी, मूग किंवा मटकीची उसळ, अंबाडी नाहीतर मेथी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. भात थोडा.

पहिले काही दिवस डोकं ठणकायचं. पोटात जळजळ व्हायची. भूक नेमकी चहाच्या वेळेला यायची, जेवणाच्या नाही. म्हणजे ती पोटाची नव्हतीच. पंधरवड्यात ती मावळली. रात्रीच्या ड्यूटीवर तर उलटाच अनुभव आला. पूर्वी बाराला डबा खाल्ला की तीनच्या सुमाराला डोळे जड व्हायचे. पोट रिकामं ठेवल्यावर सिग्नल बघायला बसणं सोपं गेलं.

अवघड होती ती माणसं. भुकेशी समेट होतो, आग्रहाशी होत नाही. कुणाच्या दारात गेलं की कप पुढे येणार. ‘नको’ म्हटलं तर ‘अहो गार्डसाहेब, अर्धा तरी’. ‘साखर झाली का?’ असं विचारणारे वेगळे. सप्त्याच्या काल्याला, भंडाऱ्याला, तेराव्याला नाही म्हणणं म्हणजे भांडण. मी शेवटी उपासाचं नाव सांगायला लागलो. ‘उपास आहे’ म्हटलं की समोरचा लगेच गप्प होतो, आदरानेच. डॉक्टरने सांगितलं म्हटलं तर वाद घालतो. आपल्या समाजात देवासाठी उपाशी राहायला परवानगी लागत नाही, स्वतःसाठी राहायला लागते.

पण घरातला उपास बघितला तर तो औषधाच्या नेमका उलटा. आमच्या घरी चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, सगळं कडक. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चारला शेंगदाण्याचा लाडू आणि केळी, रात्री भगर आणि दाण्याची आमटी, मध्ये चहा आहेच, कारण चहा उपासाला चालतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्याने साखर चढते, पोट भरल्यासारखं टिकत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे म्हणणाऱ्याने खरं तेच म्हटलं. मी हे बायकोला बोलून दाखवलं तेव्हा उत्तर आलं, ‘अहो, तुमचं एक आकड्यांचं खूळ. मला देवाचं करू द्या.’ दोन वर्षांनी तिचीच साखर वाढलेली निघाली. तेव्हापासून ती एकादशीला एकदाच भगर खाते आणि बाकी दिवस ताकावर काढते. देवाचंही झालं आणि डॉक्टरचंही.

शेजारी एक निवृत्त पॉइंट्समन राहतात. पूर्णेचा बुद्धविहार आणि तिथला वर्षावास या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. हे गृहस्थ वर्षावासात पौर्णिमा-अष्टमीला अष्टशील घेतात, म्हणजे दुपारी बारानंतर अन्न नाही. माझं घड्याळाचं जेवण बघून ते म्हणाले, ‘आमच्यात हे अडीच हजार वर्षांपासून आहे. तुम्हाला डॉक्टरनं सांगितल्यावर पटलं.’ गंमत अशी की शास्त्र त्यांच्याच बाजूचं निघालं. अमेरिकेत अलाबामात 2018 साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांवर एक लहान प्रयोग झाला. सकाळपासून सहा तासांतच सगळं खायचं, शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत. वजन जवळजवळ न घटताही इन्सुलिनचं काम सुधारलं आणि रक्तदाब उतरला. संध्याकाळी शरीर साखर तेवढ्या चपळाईने हाताळत नाही. रात्री दोनला ब्रेकव्हॅनमध्ये फरसाण खाणाऱ्याचं काय होत असेल, ते यावरून समजावं.

आता सावधगिरीचं. माझं बघून आमच्यातल्या एकाने हेच सुरू केलं. त्याला आधीपासून साखर होती आणि ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. डॉक्टरांना न सांगता त्याने सकाळचा नाश्ता बंद केला, गोळी मात्र नेहमीच्या वेळेला घेतली. अकराच्या सुमाराला दरदरून घाम, हात थरथर, बोलणं अडखळलेलं. कुणीतरी ओळखून साखर घातलेलं पाणी पाजलं म्हणून निभावलं. ही गोळी अन्न येवो न येवो, इन्सुलिन बाहेर काढत राहते. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचीही तीच गोष्ट. आमच्याबरोबरचे मुसलमान सहकारी रमजानच्या आधी डॉक्टरकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घेतात. ही शिस्त आपल्या उपासवाल्यांत नाही. गरोदर बायका, वाढीची मुलं, किडनीचे रोगी, यांनी तर या वाटेला जाऊच नये.

माझं काय झालं? वर्षभरात कंबर 91 वर आली. ट्रायग्लिसराइड 160 च्या आसपास, उपाशीपोटी साखर 101. रक्तदाबाची गोळी निम्मी झाली, सुटली नाही. एचडीएल फारसं हललं नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टींत माणसाच्या सगळ्या गोळ्या सुटतात आणि तो पंचविशीचा दिसायला लागतो. माझ्याबाबतीत तसं काही झालं नाही.

मुलगा पुण्याला असतो. तो अशा विषयांवरचं वाचून मला सांगत असतो. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा जेवणाच्या वेळांवर काम करतात. 2020 साली त्यांच्या गटाने मेटाबॉलिक सिंड्रोमच्या 19 रुग्णांना बारा आठवडे दहा तासांच्या आतच खायला सांगितलं. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल घटलं. 2022 साली सॅन दिएगोच्या 137 अग्निशमन जवानांवर, म्हणजे आमच्यासारख्याच चोवीस तास ड्यूटीवाल्यांवर तोच प्रयोग झाला. ज्यांना आधीच धोका होता त्यांचा रक्तदाब आणि साखर सुधारली. पण 2024 साली 108 रुग्णांवर नीट तुलना केली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, तुलनेच्या गटापेक्षा साधारण 0.1 टक्काच जास्त उतरली. आणि चीनमध्ये 2022 साली 139 लठ्ठ माणसांवर वर्षभर बघितलं, तर नुसतं कमी खाणारे आणि कमी खाऊन शिवाय वेळ पाळणारे, यांच्यात म्हणावा असा फरकच निघाला नाही.

मला यात विरोध दिसत नाही. उपाशी तासांत जादू नाही. त्या तासांत माझा साखरेचा चहा गेला, बिस्किटं गेली, रात्रीचं खाणं गेलं, आणि फायदा मुख्यतः त्याचा झाला. पण ‘चहा कमी करा’ असं मला वीस वर्षं सगळे सांगत होते आणि माझ्याने ते झालं नाही. वेळेची एक रेघ मारल्यावर झालं. डॉ. दीक्षितांचं मोल मला यात वाटतं. वही, वजनकाटा, महागडी पावडर, काही न घेता खेड्यातल्या माणसाला पाळता येईल असा साधा नियम त्यांनी हातात दिला. त्यावर मधुमेह हमखास बरा होतो असा दावा कुणी करू लागला तर तिथे मात्र मी त्यांच्या भक्तांबरोबर नाही.

2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी निवृत्त झालोय, पण पोरं लॉबीतून भेटायला येतात, पोटं तशीच पुढे. त्यांना मी एवढंच सांगतो, आणि वाचणाऱ्यांनाही: घरात शिवणाची टेप असेल. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, माप घ्या. पुरुषाचं 90, बाईचं 80 भरलं तर उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून घ्या आणि रक्तदाब मोजून घ्या. पाचही आकडे हातात येऊ द्या. जेवणाच्या वेळा बदलायच्या त्यानंतर, आणि साखरेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.