बर्फ आत, धग बाहेर

रस्त्याकडेला शेत असलं आणि शेतात ऊस असला, की रसवंती काढावी असं कुणाच्याही मनात येतं. आमच्याही आलं. घाणा बसला, गिऱ्हाईक जमलं. अडलं ते बर्फावर. तालुक्याहून पोत्यात गुंडाळून आणलेली लादी पोचेपर्यंत निम्मी होई, आणि उरलेल्या निम्मीत कुठलं पाणी, देव जाणे! कारखान्यातला सगळाच बर्फ पोटात घालण्याजोगा नसतो. म्हणून तर २०१८ साली न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आपल्या राज्यात आला. शेवटी कर्ज काढलं आणि दिवसाला २०० किलो बर्फ करणारं यंत्र घेतलं.

विकणारा म्हणाला, "ताई, सगळं एकाच खोलीत बसवू, खर्च वाचेल." खोली म्हणजे घाण्यामागची. दुपारी सासूबाई तिथंच आडव्या होतात. मी विचारलं, "यंत्रातून गरम वारा निघतो, तो जाणार कुठं?" त्यावर तो गप्प.

बायांनो, एवढं ध्यानात घ्या. यंत्र थंडी तयार करत नाही. पाण्यातली उष्णता उचलून दुसरीकडे टाकतं. ३० अंशाच्या किलोभर पाण्याचा बर्फ करायला ११० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. २०० किलोचा हिशेब केला, तर सहा किलो वाळलेलं सरपण जाळल्याइतकी धग होते. शिवाय यंत्र चालवायला लागणारी वीज, तिचीही उष्णता तिथंच निघते. कोंडलेल्या खोलीत माणूस उकडतं ते उकडतंच, पण यंत्रही दमतं. बर्फ कमी, विजेचं बिल जास्त.

बाहेर न्यायचं तर तांब्याच्या नळ्या, ओटा, वायर, सगळाच वाढीव खर्च. आमचे हे का-कू करू लागले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गुऱ्हाळाचं चुलवाण कुणी माजघरात घालतं का?" झालं, ठरलं.

बर्फाची पेटी आत राहिली. कॉम्प्रेसर आणि पंख्याची जाळी उत्तरेच्या भिंतीबाहेर, फूटभर उंच ओट्यावर गेली. वर पत्र्याची सावली, बाजू मोकळ्या. तीन फेजची वायर आणि अर्थिंग गावच्या वायरमनकडून तपासून घेतलं.

नळ्या जोडणारा कारागीर शहाणा निघाला. त्यानं आधी नायट्रोजन भरला, सांध्यांना साबणाचा फेस लावला आणि रात्रभर काटा उतरतो का ते पाहिलं. घाईत कुणी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरू लागला, तर त्याचा हात धरा; आतल्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. मग पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली, त्यानंतरच गॅस. ओल राहिली तर आतल्या बारीक छिद्रात गोठते आणि गॅसची वाट अडते. परतीच्या गार नळीला त्यानं काळा फोम गुंडाळला, नाहीतर ती घामेजून भिंत ओली करते.

घाण्याचा भुसा उडून जाळीत बसतो. तो आठवड्यातून एकदा, वीज बंद करून, मऊ ब्रशनं मी काढते. चिपाडांचा ढीग मात्र आम्ही पहिल्याच आठवड्यात दक्षिणेच्या बांधाला हलवला.