परतीची वाट

जाणाऱ्याकडे सारे पाहतात. स्वारगेटवर एकाला पोचवायला पाच माणसे जातात. तो परत कसा येणार, याची चौकशी त्यांतला एकही करीत नाही. आम्ही कादंबरीकारही तसेच. नायकाला घराबाहेर काढताना पानेच्या पाने खर्ची घालतो आणि परत आणताना एका ओळीत मोकळे होतो. वीज मात्र या बाबतीत फार काटेकोर असते, हे मला अलीकडे कळले.

माझे विज्ञान मॅट्रिकच्या पायरीवरच थांबले. पण शाळामास्तराचे एक भाग्य असे, की त्याचे विद्यार्थी पुढे त्याचे मास्तर होतात. माझा असाच एक विद्यार्थी सर्किट बोर्डांची आखणी करतो. त्याने एक हिरवी पट्टी माझ्या हाती ठेवली. तिच्यावर तांब्याचे केसासारखे बारीक रस्ते होते.

"सर, हे दिसतात ते सगळे जाण्याचे," तो म्हणाला. "येण्याचा रस्ता आत आहे."

पट्टीच्या पोटात तांब्याचा एक अखंड पातळ पत्रा असतो. त्याला ही मंडळी 'ग्राउंड प्लेन' म्हणतात. ग्राउंड म्हणजे जमीन, आणि हे नाव खऱ्याखुऱ्या मातीवरून आले आहे. तारायंत्राच्या काळी, १८३८ साली, जर्मनीतील श्टाइनहाइल यांनी दाखवून दिले, की परतीची तार न घातली तरी चालते. वीज जमिनीतून परत येते.

जितकी वीज जाते तितकी परत आलीच पाहिजे. संथ वीज पत्र्यात पसरून परतते. पण सेकंदाला अब्जावधी वेळा उलटसुलट होणारी वीज जाणाऱ्या रस्त्याच्या नेमकी खालून, सावलीसारखी परतते. पत्र्याला मध्ये चीर पडली, तर वरून काही कळत नाही. निरोप पुढे धावतच असतो. परतीला मात्र वळसा पडतो. मग तो वळसा आपली कुजबुज बाहेर फेकतो आणि बाहेरचा गोंगाट आत घेतो. अशा एका बोर्डाने माझ्या विद्यार्थ्याला आठवडाभर दमवले होते. वरचे सारे रस्ते त्याने तपासले. खालची चीर सर्वांत शेवटी दिसली.

फारच घाईचा निरोप असला, तर त्याला दोन रस्ते देतात, शेजारी शेजारी. एकावरचा दाब जितका चढतो, तितका दुसऱ्यावरचा उतरतो. बाहेरचा गोंगाट दोघांवर सारखाच पडतो. घेणारा फक्त दोघांतला फरक वाचतो, म्हणून गोंगाट आपोआप वजा होतो. टेलिफोनच्या दोन तारांना पीळ घालण्याचे पेटंट बेलने १८८१ साली घेतले, ते याच युक्तीसाठी. आमच्या वाड्यात ही युक्ती कोणी पेटंट न घेताच चालवीत होते. आईचा स्वर चढला, की वडिलांचा उतरे. वडिलांचा चढला, की आईचा. शेजाऱ्यांची बोलणी दोघांच्या कानांवरून सारखीच जात.

या जोडीची लांबीही सारखी हवी. बोर्डावर निरोप सेकंदाच्या एक अब्जांशात सुमारे १५ सेंटीमीटर जातो. सेकंदाला ५ अब्ज खुणा पाठवायच्या, तर एका खुणेच्या वाट्याला जेमतेम ३ सेंटीमीटर येतात. तिथे दोन-चार मिलिमीटरही जड होतात. म्हणून आखूड रस्त्याला मुद्दाम नागमोडी वळणे देतात. लक्ष्मी रस्त्यावर आईचे गुडघे दुखू लागले, की वडील एकेका दुकानाची पाटी वाचत थांबत, ते आठवले.

पुण्याला ही विद्या परकी नाही. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली येथे सी-डॅक सुरू झाली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक चिमुकले संगणक जोडलेले होते, आणि प्रत्येकाला इतरांशी बोलायला चार दुवे. अनेक शहाणे एकत्र आणणे सोपे. त्यांचे निरोप न बिघडता पोचवणे कठीण. चार भावंडे असलेल्या कोणालाही हे पटेल.

आम्हीही चौघे. एक बंगळूरला, एक कॅनडात, बहीण नाशकात. मी आणि आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात. वडील गेले, जिना हलू लागला, भिंतींना ओल आली. आता वाडा पाडून इमारत व्हायची आहे. कोणाला किती चौरस फूट, ते कागदावर आले आहे. फोन रोज होतात, चेहरेही दिसतात. वरचे रस्ते उत्तम चालले आहेत. आईने कागद ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "दिवाळीला सगळ्यांनी उतरायचे कोणाकडे?"

त्या प्रश्नाला कागदात रकाना नाही. वाडा राखा, असे मी म्हणणार नाही. तो राहण्याजोगा उरलेला नाही. पण चीर टाळता आली नाही, तर परतीसाठी तिच्यावर लहानसा पूल बांधतात, असे माझा विद्यार्थी सांगतो. भाऊबीजेला चौघे जमलो, की सह्यांच्या आधी मी एकच सुचवणार आहे: नव्या इमारतीत एक खोली चौघांच्या नावे सामाईक राहू द्या. भाऊ काय म्हणतील, ते ठाऊक नाही. आईने मात्र त्या खोलीची किल्ली कोठे टांगायची, ते आताच ठरवून टाकले आहे.