लाइन गेल्यावरची कॉफी

शनिवार, सकाळचे साडेसहा. मशीनमध्ये पाणी भरलं, कागदाचा फिल्टर लावला, ५५ ग्रॅम कॉफी काट्यावर मोजून टाकली, बटण दाबलं आणि... लाइन गेली. (आमच्या भंडाऱ्यात वीज जात नाही, 'लाइन' जाते.)

आई चहाचं गंज गॅसवर ठेवत म्हणाली, "झाली का बाबू तुही कॉफी?"

तर मंडळी, आजचा विकांताचा लेख ठिबक कॉफीवर. 'ठिबक' म्हटलं की आपल्याकडे आधी सिंचन आठवतं. त्यात भंडारा म्हणजे धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथे बांधीत पाणी भरून ठेवायची पद्धत, थेंब-थेंब कोण देत बसतो? पण गेली काही वर्षं मी रोज सकाळी तेच करतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. मार्च २०२० मध्ये पुण्याहून एक सॅक घेऊन घरी आलो, पंधरा दिवसांसाठी. ते पंधरा दिवस काही संपले नाहीत. हापिस घरूनच सुरू राहिलं. घर, जेवण, आई-बाबा, वैनगंगेच्या पुलावरची संध्याकाळ, सगळं होतं. नव्हती ती फक्त कॉफी. आमच्याकडे कॉफी म्हणजे लग्नातली, वाफ सोडणाऱ्या मशीनची, वरून चॉकलेट पावडर भुरभुरलेली. नाहीतर झटपट पावडर दुधात ढवळून. तीही पाहुणा चहा पीत नसेल तरच.

पहिलं मशीन मी फक्त किंमत बघून घेतलं. ६०० वॉटचं, काचेचं भांडं, खाली गरम प्लेट. हिवाळ्यात बरं चाललं. एप्रिल-मे आला आणि कॉफी कडू व्हायला लागली. कॉफी बदलून पाहिली, पाणी बदलून पाहिलं, तरी कडूच. शेवटी कॉलेजातला मल्टिमीटर शोधून काढला आणि सॉकेटला लावला. १८० व्होल्ट! गावभर कूलर सुरू झाले की आमच्या गल्लीत हे असं होतं.

आता इंजिनीयरिंग केलंच आहे तर गणित करू. हीटरचा रोध साधारण तोच राहतो, म्हणून त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला ६०० वॉट देणारा हीटर १८० ला जेमतेम ३६७ वॉट देतो. १ लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ ला न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. म्हणजे वाया जाणारी उष्णता सोडली तरी ८ मिनिटांचं काम १३ मिनिटांवर गेलं. या मशीनमध्ये वेगळा पंप नसतो. तळाच्या नळीत पाणी उकळतं, त्याचे बुडबुडेच पाण्याला वर ढकलतात आणि ते कॉफीवर ठिबकतं. हीटर दमला की ठिबकणं मंदावतं, कॉफी जास्त वेळ पाण्यात राहते, आणि जे शेवटी उतरायला नको ते कडू द्रव्यही उतरतं. मशीन खराब नव्हतंच. ते आमच्या गल्लीसाठी बनलेलं नव्हतं, एवढंच.

मग मी रीतसर अभ्यासाला लागलो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचे ठोकताळे आहेत: १ लिटरला साधारण ५५ ग्रॅम कॉफी, पाणी ९० ते ९६ अंश, ४ ते ८ मिनिटांत काम तमाम. चांगलं मशीन म्हणजे हे तीन आकडे रोज सारखे ठेवणारं मशीन. बाकी निळे दिवे, टायमर, ॲप वगैरे सजावट. कोणी घेणार असाल तर माझी यादी अशी:

एक, वॉट जास्त बघा. १४०० वॉटचं मशीन १८० व्होल्टला ८५७ वॉट तरी देतं. १ लिटर पाणी सहा मिनिटांच्या आत होतं. दोन, गरम प्लेटऐवजी थर्मासचं भांडं. प्लेटवर कॉफी शिजत राहते आणि अर्ध्या तासात काढा होतो. तीन, पाणी सगळ्या पुडीवर पसरून पडलं पाहिजे, मधोमध एकच भोक पाडणारं नको. चार, उरलेले पैसे दळणयंत्रावर घाला. मिक्सरमध्ये निम्मी धूळ आणि निम्मे तुकडे होतात. आपल्याला हवा जाड रव्यासारखा एकसारखा कण. पाच, पुडीत चिकोरी नको, तिने कागद तुंबतो. आणि बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने आतला पांढरा थर काढा.

कॉफी मी कर्नाटकातून मागवतो. आपल्या विदर्भात, चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, हे मला तिशीच्या उंबरठ्यावर कळलं. शाळेची सहल तिथे गेली होती, पण आम्ही माकडं बघत बसलो होतो.

तर असं १४०० वॉटचं मशीन घरी आलं. किंमत पहिल्याच्या दहापट. बाबांना मी निम्मी सांगितली, तरी ते म्हणाले, "एवढ्या पैशात कायले? पानीच गाळते ना ते?"

आमचं भांड्यांचं दुकान आहे. आजोबांच्या वेळी घरीच पितळेची भांडी घडवायचे. भंडारा पितळेसाठीच प्रसिद्ध. 'भाण' म्हणजे पितळ, त्यावरून भंडारा, असंही सांगतात. बाबा तरुणपणी आजोबांच्या हाताखाली ठोकायला बसायचे. मग स्टील आलं, ठोकणं बंद झालं, दुकानातही स्टील आलं. आता लोक स्टीलही ऑनलाइन मागवतात. बाबा दुकान रोज उघडतात, पेपर वाचतात, बंद करून येतात. त्याबद्दल ते काही बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "काढा आहे हा." विषय संपला. आईने तर चाखलीच नाही. आमच्या धंद्यात एक गंमत आहे. १ एप्रिल १९९८ ला कॉफीची भांडी इंटरनेटवरून चालवायचा एक थट्टेचा प्रोटोकॉल निघाला, आरएफसी २३२४. त्यात किटलीला कॉफी करायला सांगितली तर तिने ४१८ क्रमांकाची एरर द्यायची: 'मी चहाची किटली आहे.' आमच्या आईचं उत्तर कायम ४१८ :)

मागच्या महिन्यात हापिसातून मेल आलं: आता आठवड्यातून तीन दिवस पुण्यात हजर राहावं लागेल. मी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "जावं तर लागनच." बाबांनी भात कालवला. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी कॉफीच्या मशीनचा इतिहास सांगायला लागलो. (मला अवघड वाटलं की मी इतिहास सांगतो.) जर्मनीत १९५४ साली विगोमाट नावाचं विजेवरचं ठिबक मशीन निघालं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०८ मध्ये, ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने कॉफीतला गाळ टाळायला पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, पोराच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि त्यातून कॉफी गाळली. कागदाच्या फिल्टरची सुरुवात ती.

बाबांचा हात थांबला. "पितळेच्या?"

"हो."

"खिळ्यानं?"

"हो."

"खिळ्यानं कडा फाटते," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

दोन दिवसांनी दुपारी मीटिंगमध्ये असताना मागच्या अंगणातून ठक ठक ऐकू आलं. मला म्यूटवर जावं लागलं. बघतो तर बाबा आजोबांची ऐरण काढून बसलेले. समोर एक जुना पितळी पेला. तळाला बारीक सुंभ्याने भोकं पाडून झालेली, आणि आता पेल्याच्या कमरेला कडं बसवणं सुरू होतं, थर्मासच्या तोंडावर टेकायला. "तुह्या मशीनचा कागद आन," एवढंच म्हणाले.

पहिली चाचणी सपशेल फसली. भोकं जास्त, पाणी पाऊण मिनिटात खाली. रंग चहाचा, चव गरम पाण्याची. मी म्हटलं, कॉफी बारीक दळून बघू. बाबा म्हणाले, थांब, अजून कल्हई कुठे झाली? बिनकल्हईच्या पितळेत ते मला पिऊ देणार नव्हते. गावात कल्हई करणारे एक काका अजून आहेत. त्यांच्याकडून नवसागर आणि कथील आणलं, आणि अंगणात तो पांढरा धूर निघाला. तो वास मी शेवटचा कधी घेतला होता, आठवत नाही. पेला आतून चांदीसारखा झाला. मात्र वितळलेलं कथील भोकांत जाऊन निम्मी भोकं बुजली. बाबा चिडले, सुंभा घेऊन मोकळी करायला निघाले. मी म्हटलं, आधी पाणी तर ओतून बघू.

साडेचार मिनिटं! माझ्या १४०० वॉटच्या मशीनइतकंच. आमच्या भाषेत याला बग नाही, फीचर म्हणतात. मी ते बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी पेला उन्हाकडे धरून भोकं मोजली, उघडी किती, बुजलेली किती, आणि खिशातल्या पावतीच्या मागे लिहून ठेवली.

तर आज सकाळी लाइन गेली तेव्हा हा पेला कामी आला. १४०० वॉट आमच्या इन्व्हर्टरला झेपत नाहीत. जितकं चांगलं मशीन, तितकं ते लाइनच्या ताब्यात, हा हिशोब माझ्या यादीत राहूनच गेला होता. मशीनमधली पूड कागदासकट उचलून पेल्यात ठेवली. पाणी गॅसवर उकळलं, झाकण काढून अर्धा मिनिट थांबलो. पहिला चमचाभर पाणी पूड भिजवण्यापुरतं, मग बाकीचं गोल गोल, घाई न करता. ओतायचं काम बाबांनी घेतलं. मशीनमध्ये मी जे पाण्याचं 'पसरणं' शोधत होतो ते त्यांच्या मनगटात आहे.

त्यांनी अर्धा कप घेतला, एक चमचा साखर घालून. अजूनही म्हणाले, "काढाच आहे." पण कप रिकामा केला.

मशीन मी इथेच ठेवून पेला पुण्याला न्यावा असा विचार आहे, अजून बोललो नाहीये. पण लाइन आल्यावर मोटर लावायला मागे गेलो, तर ऐरणीशेजारी दुसरा पेला ठेवलेला दिसला. तळाला खडूने खुणा, भोकं अजून पाडायची आहेत. पावतीवरचा आकडा वर लिहिलेला आहे, फक्त उघड्या भोकांचा.

असो. मशीन आपोआप पुन्हा सुरू झालंय, बटण बंद करायचं राहिलं होतं. आता बिनकॉफीचं १ लिटर गरम पाणी तयार आहे. आई म्हणतेय, चहाले होईन.