होल्मडेलचा कर्णा

देखणा म्हणावा असा हा मुळीच नाही. न्यू जर्सीतल्या होल्मडेलची क्रॉफर्ड हिल, आणि तिच्यावर आडवा पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा अगडबंब कर्णा. लांबी सुमारे १५ मीटर, तोंडाचा आ ६ मीटरचा. निमुळत्या टोकाला एक खोपटं. यंत्रं आणि माणसं त्यात. बेल लॅब्जनं १९५९ मध्ये तो उभारला, ‘एको’ या फुग्यासारख्या उपग्रहावरून परतणारे संदेश टिपायला. ते काम सरल्यावर आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी त्याला आकाशाच्या कामाला लावलं.

गुण एकच, पण पक्का: समोरून येईल तेवढंच ऐकायचं, आजूबाजूच्या गलबल्याला दाद द्यायची नाही. म्हणूनच १९६४ मध्ये त्यानं जी खरखर लावून धरली, तिनं दोघांची पंचाईत केली. न्यूयॉर्ककडे तोंड केलं, खरखर तेवढीच. रात्र असो, दिवस असो, ऋतू बदलो, तेवढीच. आत कबुतरांनी बिऱ्हाड केलं होतं. ती पकडून कंपनीच्या टपालानं लांब धाडली, तर परत हजर. (शेवटी गोळी घातली. गौरवकथेत हे जरा घाईनंच सांगतात.) घाण खरवडली, रिवेटच्या सांध्यांवर पट्ट्या चिकटवल्या. हा आपल्या म्हणण्यावर ठाम: कुठेही वळवा, खरखर निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ३.५ अंश तापमानाएवढी.

प्रिन्स्टनला रॉबर्ट डिकी यांची मंडळी नेमकं हेच ऐकायला यंत्र जुळवत होती. फोनाफोनी झाली आणि उलगडा झाला. ती खरखर म्हणजे सर्वांत जुना प्रकाश. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं झालं, निवून ३ हजार अंशांवर आलं, इलेक्ट्रॉन अणूंत बांधले गेले, धुकं फिटलं आणि प्रकाश मोकळा सुटला. प्रसरणात त्याची तरंगलांबी सुमारे ११०० पट ताणली गेली. ते धुकं फिटण्याआधीचं काहीही प्रकाशातून दिसायचं नाही, दुर्बीण केवढीही बांधा.

दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं. पण कर्ण्याला विश्वाचं वय विचाराल, तर तो गप्प. त्याला चहूकडे एकसारखंच ऐकू यायचं. वय दडलं होतं तापमानातल्या लाखात एक इतक्या बारीक चढउतारांत. ते आधी कोबे उपग्रहाला जाणवले. मग २००९ मध्ये निघालेल्या प्लांकनं त्यांचा तपशीलवार नकाशा काढला, त्यावरून आकडा आला सुमारे १३८० कोटी वर्षांचा. मात्र जवळच्या दीर्घिकांवरून मोजलेला प्रसरणाचा वेग या नकाशाशी जुळत नाही, आणि खोट मोजणीत आहे की आपल्या समजुतीत, यावर खगोलशास्त्रज्ञांचं अजून हमरीतुमरीनं चाललं आहे.