कुलूप

आत्याने न्यू जर्सीहून तिचा जुना फोन आमच्या वेल्ह्याच्या घरी पाठवला. आपलं सिम टाकलं तर ‘सिम नॉट सपोर्टेड’! फोन तिथल्या कंपनीला बांधलेला. भोरला एक दुकानदार म्हणाला, “पिन लिहून द्या, फोन ठेवून जा.” ठेवला. (कॉन्व्हेंटमध्ये ‘येस सर’ फार छान शिकवतात.) परतीच्या एसटीत, नसरापूरला, डोक्यात उजेड पडला. आत्याचे फोटो, मेल, सगळं आतच! उतरलो, उलटी एसटी पकडली, फोन आणला.

खरं तर हे कुलूप कंपनीच्या नोंदीत असतं. हप्ते फिटले की कंपनीच काढते. *#०६# दाबून दिसणारा १५ आकडी आयएमईआय आत्याने त्यांना कळवला, बस्स. पिन कशाला हवा होता?

आठवड्यात फोन सुटला.

“पिन कुणाला दिला नाहीस ना रे?” आत्याने विचारलं.

म्हटलं, “छे!”